अंथरुणाला खिळलेले शरीर आणि घरची शुश्रूषा

पक्षाघाताचा झटका आलेला किंवा खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेला वृद्ध रुग्ण नाशिकच्या मुंबई नाका किंवा गंगापूर रोड परिसरातील एखाद्या रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा त्याचा आजार संपलेला नसतो. केवळ डॉक्टरांनी तातडीने करायची कामे संपलेली असतात. त्यानंतरचे कित्येक आठवडे, कधी कधी वर्षे, त्याची देखभाल घरातल्या पलंगावरच होते. २०११ च्या जनगणनेत भारतातील साठीपुढील नागरिकांचे प्रमाण ८.६ टक्के होते आणि २०५० पर्यंत ते २० टक्क्यांच्या पुढे जाईल, असा अंदाज आहे. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून किंवा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त होऊन इथेच स्थायिक झालेली आणि मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी गेलेली घरे शहरात पुष्कळ आहेत. अशा घरांत फाउलर बेड (डोक्याची आणि पायाची बाजू वर-खाली करता येणारा पलंग), एअर बेड (हवेची गादी), ऑक्सिजनचे यंत्र भाड्याने येते आणि काळजीवाहक पुरवणाऱ्या ब्युरोकडून मावशी किंवा सिस्टर येते. यंत्रे आणणे सोपे असते. त्या पलंगावरच्या शरीरात काय घडते आहे, हे ओळखणारे माणूस मिळणे अवघड असते, आणि घरच्या शुश्रूषेचे यश बहुतांशी त्यावरच अवलंबून असते.

विश्रांती म्हणजे औषधच, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात झोपून राहणे हा शरीरावरचा मोठा ताण असतो. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून अमेरिकेत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात त्यांच्या पायांमधील स्नायूंचे वस्तुमान सरासरी सुमारे एक किलोने घटल्याचे आढळले. ज्यांना आजार नव्हता त्यांची ही स्थिती, तर तापाने किंवा शस्त्रक्रियेने खचलेल्या रुग्णाचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. सतत आडवे राहिल्याने फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुलत नाही आणि तिथे कफ साचून न्यूमोनियाला वाट मिळते. पोटऱ्यांच्या स्नायूंची हालचाल थांबल्याने शिरांतील रक्त संथ होते आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. उभे राहताना रक्तदाब सावरून धरणारी यंत्रणाही मंदावते, म्हणून अशा रुग्णाला एकदम उभे न करता आधी काही मिनिटे पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवावे लागते. वृद्ध माणूस घरात पडतो तो अनेकदा याच क्षणी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते त्वचेकडे. त्वचेतील केशवाहिन्यांमधील रक्ताचा दाब पाऱ्याच्या मोजमापात साधारण ३२ मिलिमीटर मानला जातो. उताण्या झोपलेल्या माणसाच्या माकडहाडापाशी आणि टाचांपाशी गादीचा दाब याहून बराच जास्त असू शकतो. वाहिन्या दबल्या की त्या भागाला प्राणवायू मिळत नाही. तुम्ही-आम्ही झोपेतही नकळत कूस बदलतो. पक्षाघाताच्या रुग्णाला ते जमत नाही आणि मधुमेहाने संवेदना बोथट झालेल्या रुग्णाला तशी गरजही जाणवत नाही. इजा अनेकदा आत, हाडाच्या लगतच्या स्नायूत सुरू होते. वर दिसणारा रुपयाएवढा चट्टा आतल्या मोठ्या जखमेचे टोक असू शकतो.

हा चट्टा वेळेत ओळखण्याची एक साधी रीत आहे. लालसर भागावर बोट हलकेच दाबून उचलावे. तो भाग पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर रक्तपुरवठा अजून चालू आहे. लाली तशीच राहिली, तर बेडसोरची, म्हणजे सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी आली आहे. मात्र ही खूण मुख्यतः गोऱ्या त्वचेवर स्पष्ट दिसते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, तिथे स्पर्शावर भिस्त ठेवावी लागते: तो भाग भोवतालपेक्षा गरम लागतो का, टणक किंवा पिचपिचीत लागतो का, दाबल्यावर रुग्ण विव्हळतो का. आपल्या बहुतेक रुग्णांची त्वचा सावळी असताना काळजीवाहकांना ही गोष्ट आवर्जून शिकवली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. घरोघरी चालणाऱ्या काही उपायांचाही इथेच फेरविचार व्हायला हवा. लाल झालेल्या भागाला स्पिरिट लावून चोळल्याने आतील दुखावलेल्या पेशींची आणखी हानी होते. मध्ये भोक असलेली रबरी रिंग माकडहाडाखाली ठेवली, तर तिच्या कडेने रक्तपुरवठा उलट आवळला जातो. पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी ठेवणे हा त्यापेक्षा कितीतरी चांगला उपाय आहे. रुग्णाला वर सरकवताना काखेत धरून ओढू नये. त्याच्याखाली आडवी चादर घालून दोघांनी ती उचलावी, कारण ओढताना कातडी गादीला चिकटून राहते, हाड पुढे सरकते आणि मधल्या वाहिन्या ताणून तुटतात.

अन्न भरवण्याचा प्रश्न याच ठिकाणी येऊन भिडतो. पक्षाघातानंतर अनेकांची गिळण्याची क्रिया बिघडते आणि नाकातून पोटात राईल्स ट्यूब घालावी लागते. भरवताना आणि त्यानंतर साधारण अर्धा ते एक तास डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच असावी लागते, नाहीतर पोटातले अन्न उलट येऊन श्वासनलिकेत उतरू शकते. पण पलंग ३० अंशांपेक्षा जास्त उंच ठेवला की रुग्ण खाली घसरतो आणि माकडहाडापाशी तोच ताण पुन्हा निर्माण होतो. फुप्फुस सांभाळावे की त्वचा, हा तिढा घड्याळाकडे आणि रुग्णाकडे एकत्र पाहूनच सुटतो: भरवताना उंच, ठरलेल्या वेळेनंतर पुन्हा खाली आणि एका कुशीवर. नळी जागेवर आहे का, हे पाहण्यासाठी हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी पद्धत विश्वासार्ह नाही, कारण नळी फुप्फुसात गेली असली तरी तसाच आवाज ऐकू येऊ शकतो. नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता विशिष्ट कागदाने तपासणे अधिक खात्रीचे असते, सामू (पीएच) ५.५ किंवा त्याहून कमी असेल तर नळीचे टोक जठरात असल्याचे मानले जाते. शंका आली तर भरवणे थांबवून एक्स-रे काढावा.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र कोविडनंतर घराघरांत ओळखीचे झाले. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. यंत्रातील झिओलाइट नावाचे सच्छिद्र खनिज दाबाखाली नायट्रोजन शोषून घेते आणि जवळपास ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे सोडते. यंत्र ऑक्सिजन साठवत नाही, म्हणजे वीज गेली की तो त्याच क्षणी थांबतो. तेव्हा भरलेला सिलिंडर घरात असलाच पाहिजे. जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त फायदा, हा समजही धोक्याचा आहे. सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) बऱ्याच रुग्णांमध्ये जादा ऑक्सिजनमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो, म्हणून त्यांच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी सहसा ८८ ते ९२ टक्क्यांमध्ये राखायला सांगितले जाते. पल्स ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश आरपार सोडून हे मोजतो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतील पहाटे गारठलेल्या बोटावर त्याचा आकडा चुकू शकतो. बोटे उबदार करून पुन्हा मोजावे. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतो, हेही अलीकडच्या अभ्यासांतून दिसले आहे. रुग्णाला धाप लागलेली असेल, तर आकड्यावर विसंबून स्वस्थ बसू नये.

लघवीसाठी घातलेल्या नळीबाबत (कॅथेटर) एवढेच लक्षात ठेवावे की तिची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकवता असावी, आणि नळीची गरज संपली की ती लगेच काढावी.

यातील कोणते काम कोणी करायचे, याची स्पष्टता घरांत फारशी नसते. अंघोळ, कपडे, भरवणे, कूस बदलणे ही कामे नीट शिकवलेली मावशी उत्तम करू शकते. राईल्स ट्यूब किंवा कॅथेटर घालणे, शिरेतून इंजेक्शन देणे, खोल जखमेचे ड्रेसिंग करणे यासाठी परिचारिकेचे शिक्षण हवे. एएनएमचा (सहायक परिचारिका-प्रसाविका) अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. ब्युरोने पाठवलेली व्यक्ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणीकृत आहे का, हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. राज्यभरातील परिचारिका ज्याच्या पदव्या घेतात, ते १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. घरच्या काळजीवाहकांसाठी मराठीतून छोटे प्रात्यक्षिक वर्ग घेण्यास याहून योग्य जागा दुसरी कोणती असेल?

थोड्या शिक्षणाने केवढा फरक पडतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथले नवजात बालमृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, आणि २०११ पासून याच धर्तीवर आशा कार्यकर्त्या देशभर घरोघरी जाऊ लागल्या. बाळंतिणीच्या खोलीत जे साधले, ते आजी-आजोबांच्या खोलीतही साधू शकेल, असे मानायला जागा आहे. अर्थात श्वास वेगाने लागणे, अचानक असंबद्ध बोलणे, लघवी बंद होणे, जखमेतून दुर्गंधी येऊन ताप चढणे, यांपैकी काहीही दिसले तर घरचा हट्ट सोडून रुग्णालय गाठावे.

राहता राहिली ती घरातील व्यक्ती, बहुधा सून, मुलगी किंवा स्वतः वृद्ध असलेली पत्नी, जी रुग्णाची कूस बदलण्यासाठी रात्री दर दोन तासांनी गजर लावून उठते. दोन तासांचा नियम हा परंपरेने आलेला आहे. अमेरिका आणि कॅनडातील वृद्धाश्रमांत झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जास्त घनतेच्या चांगल्या फोम गादीवरील रुग्णांना दर दोन, तीन किंवा चार तासांनी वळवले, तरी बेडसोरच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष साध्या कापसाच्या गादीला किंवा आधीच जखम असलेल्या रुग्णाला लावता येणार नाही. पण परिचारिकेने गादी पाहून, सकाळ-संध्याकाळ त्वचा तपासून आणि आठवडाभर नोंद ठेवून रात्रीचे अंतर वाढवायला हरकत नाही असे सांगितले, तर त्या बाईला सलग तीन-चार तासांची झोप मिळू शकते, आणि तेवढी झोप मिळाली तर ती हे काम पुढची दोन वर्षे निभावू शकते.