‘अल्मा’: एका हिब्रू शब्दावरचा दोन हजार वर्षांचा वाद

इसवी सनापूर्वी ७३५च्या सुमाराची गोष्ट. उत्तरेकडचे इस्राएलचे राज्य आणि दमास्कसचे अरामी राज्य एक होऊन यरुशलेमवर चालून येत होते. यहूदाचा राजा आहाज आणि त्याची प्रजा, वाऱ्याने रानातली झाडे थरथरावीत तशी थरथरत होती. तेव्हा यशया संदेष्टा राजाला गाठून म्हणाला, भिऊ नकोस. ही पाहा, एक ‘अल्मा’ गरोदर आहे, तिला मुलगा होईल, त्याचे नाव ती इम्मानुएल ठेवील, आणि त्या मुलाला बरेवाईट कळू लागण्याआधी ज्या दोन राजांना तू भितोस त्यांचा मुलूख ओस पडेल. ७३२ मध्ये अश्शूरी सैन्याने दमास्कस घेतले. यशयाच्या सातव्या अध्यायातला प्रसंग एवढाच. पण यहुदी आणि ख्रिस्ती यांच्यात पवित्र शास्त्राच्या अर्थावरून जो वाद झाला, त्याचा बराचसा इतिहास या एका ‘अल्मा’भोवती सांगता येतो.

अल्मा म्हणजे वयात आलेली तरुण मुलगी. कौमार्यच सांगायचे असेल तर हिब्रूत सहसा ‘बतुला’ म्हणतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत इजिप्तमधल्या ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी आपले शास्त्र ग्रीकमध्ये नेले. बहात्तर विद्वानांनी हे काम केले या आख्यायिकेवरून त्या भाषांतराला ‘सेप्टुआजिंट’ म्हणजे ‘सत्तरांचे’ हे नाव पडले. त्यात या ठिकाणी ‘पार्थेनोस’ हा शब्द आला. पार्थेनोस म्हणजे बहुधा कुमारिका. पण याच भाषांतरात, उत्पत्ती या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात, बलात्कार झालेल्या दीनेलाही नंतर पार्थेनोसच म्हटले आहे. म्हणजे यहुदी भाषांतरकारांच्या कानाला हा शब्द तितका काटेकोर नव्हता. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची कथा सांगताना हेच वचन ग्रीकमधून उद्धृत झाले आणि पार्थेनोसचा अर्थ पक्का झाला: पुरुषस्पर्शाविना गर्भवती झालेली मरिया.

हे लिहिणारा यहुदी परंपरेतच वाढलेला होता, हे विसरून हा इतिहास समजत नाही. पहिल्या पिढीचे जवळजवळ सगळे ख्रिस्ती यहुदीच होते. त्यांच्या हातात दुसरे शास्त्र नव्हते, ‘नवा करार’ नावाचा ग्रंथ अजून व्हायचा होता. जुने वचन उचलून आपल्या काळातल्या घटनेला लावणे ही तर यहुद्यांचीच रीत होती. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या पंथाने हबक्कूक संदेष्ट्याच्या वचनांचे असेच अर्थ लावलेले सापडले आहेत. भांडण घरातले होते. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि घराच्या वाटण्या सुरू झाल्या. मंदिराविना धर्म कसा चालवायचा याची दोन उत्तरे पुढे आली. रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, तोराचा म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राचा अभ्यास, प्रार्थना आणि आचार यांवर धर्म उभा केला. ख्रिस्ती मंडळ्यांनी येशूलाच शेवटचा यज्ञ मानले.

वाटण्यांत ग्रंथही अडकला. सेप्टुआजिंट ख्रिस्ती लोकांच्या तोंडी बसले, तसे यहुद्यांचे मन त्यातून उडाले. दुसऱ्या शतकात अक्विला नावाच्या, यहुदी धर्म स्वीकारलेल्या विद्वानाने हिब्रूला अक्षरशः चिकटून नवे ग्रीक भाषांतर केले आणि पार्थेनोस काढून ‘नेआनिस’, म्हणजे तरुणी, हा शब्द घातला. त्याच शतकात जस्टिन मार्टिर या ख्रिस्ती लेखकाने त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहिला. त्रिफो म्हणतो, मूळ शब्द तरुणी असा आहे आणि वचन आहाजाचा मुलगा हिज्कीया याच्याबद्दल आहे. जस्टिन उलट यहुदी गुरूंवरच शास्त्रात फेरफार केल्याचा आळ घेतो. हा आळ पुढे शतकानुशतके चालू राहिला.

याच काळात रोममध्ये मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकाने वेगळाच पर्याय मांडला: यहुद्यांचे शास्त्र सोडूनच द्यावे, त्यातला देव येशूचा पिता नव्हे. रोमच्या मंडळीने १४४च्या सुमारास त्याला बाहेर काढले. माझ्या मते दोन्ही धर्मांच्या नात्यातला हा सर्वांत निर्णायक क्षण आहे. ग्रंथ टाकून दिला असता तर ख्रिस्ती धर्माला यहुद्यांशी वाद घालण्याचे कारणच उरले नसते. ग्रंथ ठेवला, पण त्याला ‘जुना’ करार म्हटले आणि त्याची रचनाही वेगळी झाली. यहुद्यांचे शास्त्र, म्हणजे तनाख, ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकांवर संपते. बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना ‘वर जा’ म्हणजे यरुशलेमला जा, असे सांगणारे कोरेश बादशहाचे फर्मान हे त्याचे शेवटचे शब्द. ख्रिस्ती जुना करार मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकावर संपतो, एलीया संदेष्टा परत येईल या वचनावर. पान उलटले की मत्तय सुरू होतो. ग्रंथ जवळपास तेच, पण वाचणारा दोन वेगळ्या दारांशी येऊन थांबतो.

अर्थ काय, हे विचारायला मात्र ख्रिस्ती विद्वानांना यहुद्यांच्याच दारी जावे लागले. तिसऱ्या शतकात कैसरियात ओरिगेनने हिब्रू पाठ आणि ग्रीक भाषांतरे सहा स्तंभांत शेजारी शेजारी मांडली. यशयाच्या ५३व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक म्हणजे पांगलेले संपूर्ण यहुदी राष्ट्र, असे यहुदी मानतात, हीही नोंद त्यानेच ठेवली आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेममध्ये जेरोमने थेट हिब्रूवरून लॅटिन भाषांतर हाती घेतले. त्याचा यहुदी शिक्षक आपल्याच लोकांच्या भीतीने रात्री येई. जेरोमचे भाषांतर उत्तर आफ्रिकेतल्या ओएया गावी, म्हणजे आजच्या त्रिपोलीत, वाचले गेले तेव्हा योना संदेष्ट्यावर सावली धरणाऱ्या वेलाचे नाव बदललेले ऐकून लोक खवळले. लोकांच्या कानात भोपळ्याचा वेल बसला होता, जेरोमने आयव्ही लिहिले होते. बिशपला गावातल्या यहुद्यांना विचारावे लागले आणि त्यांनी जुन्या शब्दाच्या बाजूने कौल दिला. उत्तर आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टिन याने ही हकीकत जेरोमला पत्रातून कळवली आहे. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. ख्रिस्ती मंडळीतले भांडण मिटवायला साक्ष लागते ती यहुद्यांची.

साक्षीदार म्हणून त्यांना जगू द्यावे, पण मानाची जागा देऊ नये, हा विचार ऑगस्टिननेच रूढ केला. मध्ययुगात त्यातले पहिले अर्धे अनेकदा विसरले गेले. १०९६ मध्ये धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईन नदीकाठच्या यहुदी वस्त्या कापून काढल्या. त्याच काळात फ्रान्समधल्या त्र्वा गावी राशी (१०४०–११०५) हा यहुदी पंडित शास्त्रावर भाष्य लिहीत होता. रब्बींनी मशीहाला, म्हणजे येणाऱ्या तारणाऱ्याला, लावलेले स्तोत्रसंहितेतले दुसरे स्तोत्र आपण साध्या अर्थाने, आणि विरोधकांना उत्तर म्हणूनही, दाविदाला लावू, असे तो सांगतो. म्हणजे ख्रिस्ती वाचनामुळे यहुदी वाचनही बदलत होते. बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातल्या अँड्र्यूने इम्मानुएलच्या वचनाचा यहुदी अर्थ आपल्या भाष्यात नोंदवला, तर त्याच मठातल्या रिचर्डने तो यहुद्यांच्या नादी लागल्याची तक्रार करून स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे लायराच्या निकोलस या ख्रिस्ती भाष्यकाराने राशी भरभरून वापरला आणि निकोलसमधून तो प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्युथरपर्यंत पोहोचला. ज्याने राशीचे ऋण असे अप्रत्यक्ष घेतले, त्याच ल्युथरने १५४३ मध्ये यहुद्यांची सभास्थाने जाळा असे लिहिले. ते वाचवत नाही.

पॅरिसमध्ये १२४०च्या यहुदी-ख्रिस्ती जाहीर वादानंतर तालमूदच्या, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चेच्या ग्रंथांच्या, गाड्याच्या गाड्या जाळल्या गेल्या. बार्सिलोनात १२६३ मध्ये अरागॉनचा राजा जेम्स याच्यापुढे रब्बी नखमनिदीसला, यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या पाब्लो ख्रिस्तियानीशी वाद घालावा लागला. राजाने त्याला तीनशे नाणी देऊन गौरवले असे तो स्वतः लिहितो, पण थोड्याच वर्षांत त्याला देश सोडावा लागला.

आपल्या कोकणातली गोष्ट अगदी निराळी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, हिब्रू जवळपास विसरले होते. देव एकच असे सांगणारी ‘शमा’ची प्रार्थना, सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, एवढे त्यांनी जपले होते. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. हे लोक ख्रिस्ती होतील ही अपेक्षा होती. झाले फार थोडे. बाकीच्यांनी मराठीत आलेला ‘जुना करार’ आपले शास्त्र म्हणून वाचला आणि १८८०च्या दशकात अब्राहाम-मोशेच्या कथांवर कीर्तनेही रचली.

जस्टिनच्या आळाचे उत्तर १९४७ मध्ये कुमरानच्या गुहेतून निघाले. तिथे सापडलेली यशयाची संपूर्ण गुंडाळी येशूच्या जन्माआधी शतकभर तरी लिहिलेली आहे, आणि तीत ‘अल्मा’च आहे. निदान हा शब्द कोणी बदलला नव्हता. तरी १९५२ मध्ये अमेरिकेत नव्या इंग्रजी बायबलमध्ये ‘तरुणी’ छापले गेले, तेव्हा एका पाळकाने ते पान जाहीरपणे जाळले. नाझी संहारानंतर चर्चला स्वतःच्या शिकवणीकडे वळून पाहावे लागले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या यहुद्यांवर ठेवता येत नाही असे जाहीर केले. २००१ मध्ये कॅथलिक चर्चच्या बायबल आयोगाने यहुद्यांचे शास्त्रवाचन हे एक शक्य वाचन आहे, असे मान्य केले.

२०११च्या अमेरिकन कॅथलिक बायबलमध्ये यशयात ‘तरुणी’ आहे, मत्तयात ‘कुमारिका’. दोन्ही एकाच बांधणीत. रूढ मराठी बायबलमध्ये दोन्ही ठिकाणी ‘कुमारी’ आहे. लग्न न झालेली मुलगी आणि पुरुषस्पर्श न झालेली स्त्री, हे दोन्ही अर्थ आपल्या या शब्दात आधीपासूनच आहेत.