अंगणवाडीतलं मूल मागे पडतंय? खान्देशातल्या पालकांनी कुठे जावं, कोणते कागद न्यावेत

मूल अडीच वर्षांचं झालं, तरी दोन शब्द जोडून बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही. घरातलं कुणी ना कुणी म्हणतं, "तेना बाप बी उशिराच बोलना व्हता." त्या एका वाक्यावर वर्ष निघून जातं.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे याहून नुकसानकारक समजूत दुसरीच आहे: आधी दिव्यांगत्वाचा दाखला, मग उपचार. तसं काही नाही. तपासणीला दाखला लागत नाही, सरकारी दवाखान्यातल्या थेरपीला लागत नाही आणि अंगणवाडीत बसायलाही लागत नाही. दाखला लागतो तो योजना, सवलती आणि आरक्षित जागांसाठी. म्हणून दोन्ही कामं एकदम सुरू करा, पण थेरपी दाखल्यासाठी अडवून ठेवू नका. पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदू जेवढा घडतो, तेवढा पुढे घडत नाही.

कुणाला दाखवायचं

पहिला माणूस म्हणजे अंगणवाडी सेविका किंवा आशाताई. तुमच्याकडच्या माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात मुलाने काय करायला हवं ते चित्रांसह दिलेलं असतं. चार-पाच महिन्यांत मान धरत नाही, नऊ-दहा महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षात चालत नाही किंवा बोटाने वस्तू दाखवत नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, येत होतं तेही विसरतंय, यातलं एक जरी दिसलं तरी दाखवा. अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती आणली. लक्षणं ओळखणं, मुलाला इतरांबरोबर बसवणं आणि पुढे पाठवणं हे तीनही सेविकेच्या कामात येतं. "हे मूल आमच्याकडे नको" हे उत्तर तिथे बसत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक गाडीने येतं: दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. अडचण आपल्याकडची आहे. दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुवा, साक्री, शिरपूरकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला किंवा सुरतेकडे जातात आणि पथक येतं तेव्हा मूल गावात नसतं. तेव्हा पथकाची वाट बघू नका. निघण्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि संदर्भ चिठ्ठी घ्या. चिठ्ठी नसली तरी जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात केस पेपर काढून बालरोग विभागात दाखवता येतं.

पुढचा टप्पा म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. सगळे त्याला डीईआयसी म्हणतात, तेच विचारा. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एका छताखाली असावेत, अशी ही रचना आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पद प्रत्येक वेळी भरलेलं असेलच असं नाही. धडगावहून घाट उतरून नंदुरबारला पोचायचं आणि थेरपिस्ट रजेवर, हे टाळायचं तर आशाताईला आधी फोन करून वार विचारायला लावा.

तपासणीला आईने किंवा मूल ज्याच्या अंगाखांद्यावर वाढलं त्या माणसानेच जावं. घरात अहिराणी, भिलोरी किंवा पावरी बोलली जाते आणि तपासणारा पुस्तकी मराठीत विचारतो. मूल गप्प राहतं आणि "सूचना कळत नाहीत" अशी नोंद होते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, सूचना मी देते, तुम्ही बघा. "आठे ये" (इकडे ये) म्हटल्यावर मूल आलं तर ते समजतंय. तरीही नाही आलं तर तीही माहितीच आहे. बोलण्याच्या तक्रारीत कानाची तपासणी आधी मागा. लहान मुलांच्या कानाची बेरा नावाची तपासणी मूल झोपलेलं असताना होते, त्यामुळे किती वाजता झोपवून आणायचं ते विचारून ठेवा.

आणखी एक. मूल कुपोषित असेल तर "वजन वाढलं की बोलेल" असं सांगून परत पाठवतात. कुपोषणाने विकास मंदावतो हे खरं, पण दोन्ही एकत्रही असू शकतं. आहाराचे उपचार आणि विकासाची तपासणी एकाच वेळी मागा.

थेरपी आठवड्यातून एखादवेळी, तीही जमली तर. खरं काम घरी होतं. प्रत्येक भेटीत थेरपिस्टला व्यायाम तुमच्याकडून करून घ्यायला सांगा, मोबाइलवर चित्रण करा. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाचं तिकीट लागत नाही आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे. आई-मुलाचा खर्च त्यामुळे वाटतो तेवढा नसतो.

पहिल्या भेटीला माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाची नोंद, जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि आधीचे रिपोर्ट न्या. यात डिस्चार्ज कार्ड सगळ्यात महत्त्वाचं. बाळ उशिरा रडलं, काचेच्या पेटीत ठेवलं, कावीळ वाढली होती, हे त्यावर असतं. कार्ड हरवलं असेल तर प्रसूती झालेल्या दवाखान्यात अर्ज देऊन प्रत मागता येते.

दाखला आणि यूडीआयडी कार्ड

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता (ऑटिझम), मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता, कर्णबधिरता, वाचा-भाषा दोष येतात, आणि आपल्या आदिवासी पट्ट्यात दिसणारा सिकलसेल हा रक्ताचा आजारही येतो. दाखला आणि यूडीआयडी, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र, या दोन्हींचा अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तो मोफत आहे. सेतूवाला फॉर्म भरायचे पैसे घेईल ते वेगळे. मुलासाठी आई-वडील किंवा कायदेशीर पालक अर्ज करतात. मुलाचं आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि उपचाराची कागदपत्रं लागतात. आधार नसेल तर आधी जन्मदाखला आणि पालकाच्या आधारावर निळं बाल आधार काढा. त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत. जन्मदाखला, आधार आणि दवाखान्याच्या कागदांवर नाव एकसारखं आहे का, हे सेतूत बसण्याआधी बघा. "पवार" आणि "पावरा" असा घोळ झाला की फाइल अडते.

अर्ज राहत्या जिल्ह्यात करायचा, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत वा झाले आहेत तिथेही करता येतो. कामासाठी बाहेर राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दाखल्यासाठी तपासणारं डॉक्टरांचं मंडळ ठरावीक वारीच बसतं, तो वार आधी विचारा. नाकारलं तर कारण लेखी मिळायला हवं, आणि त्यावर कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं.

वयाची अट नीट समजून घ्या, पालक इथेच हेलपाटे घालतात. बौद्धिक विकासाच्या बाबतीत एक वर्ष पूर्ण झाल्यावरच दाखल्याचा विचार होतो. एक ते पाच वर्षांत निदान "सर्वांगीण विकास विलंब" असं लिहितात, बौद्धिक अक्षमता असं नाही, आणि दाखला तात्पुरता असतो. वाचन-लेखनातल्या अक्षमतेचा दाखला तर आठ वर्षांपर्यंत मिळतच नाही. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला "डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट" मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

दाखल्यावर दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त आलं की बहुतेक लाभ सुरू होतात. मुलाला पाच वर्षांनंतर एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्राच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं विमा संरक्षण आहे, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना नोंदणी २५० रुपये, इतरांना ५००. ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) केंद्राची एडिप योजना आहे. जन्मतः न ऐकणाऱ्या मुलांचं इम्प्लांट त्यात एक ते पाच या वयातच बसतं, म्हणून कानाच्या बाबतीत एक महिनाही घालवू नका.

खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांसाठी दिव्यांग बालकाला उत्पन्नाची अट नाही. ४० टक्क्यांचा दाखला, जन्मदाखला आणि रहिवासाचा पुरावा पुरतो. सरकारी शाळेत घालायचं असेल तर तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. मूल पाच वर्षांचं होताच त्यांना भेटा आणि सहायक साधनांसाठीच्या मोजमाप शिबिरात नाव घालायला सांगा. सहा ते अठरा वयात जवळची शाळा की विशेष शाळा, हे ठरवायचा हक्क कायद्याने मुलाकडे दिला आहे. मुख्याध्यापकांच्या मर्जीवर ते नाही.

पाच वर्षं पूर्ण झाली की दोन कामं एकदम येतात: आधारचे ठसे द्यायचे आणि दाखल्याचं नूतनीकरण करायचं. वाढदिवसाच्या दोन महिने आधीच मंडळाचा वार धरा, कारण मुदत संपलेल्या दाखल्यावर आरटीईचा अर्ज पडताळणीत बाद होऊ शकतो.