प्राणिजन्य वस्तूंशिवायचा घरसंसार (बेळगाव सीमाभाग)

मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मध, शिवाय चामडं, लोकर, रेशीम यातलंही काही घरात आणायचं नाही असं अख्ख्या कुटुंबानं ठरवून राहायची पद्धत. बोलताना सगळे व्हीगनच म्हणतात. इंग्लंडात १९४४ च्या नोव्हेंबरात डोनाल्ड वॉटसन आणि सोबत्यांनी दूधही सोडलेल्या शाकाहाऱ्यांची वेगळी संस्था काढली तिथून हे नाव रूढ झालं, आणि १९९४ पासून १ नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिवस पाळतात. सीमाभागात त्याच तारखेला मराठी माणसाचा काळा दिवस (हा भाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा) असतो, त्यामुळं त्या दिवशी बेळगावात कुणी बिनदुधाच्या जेवणाचा कार्यक्रम ठेवला तर माणसं कुठनं यायची हा प्रश्नच आहे. या नोंदीत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी एवढाच पट्टा धरलाय.

उगमाबद्दल मतं. ही रीत इथं कुठनं आली यावर तीन तऱ्हेनं बोललं जातं. पहिलं मत जैन परंपरेकडं बोट दाखवतं, आणि त्याला आधार भरपूर आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४ च्या सुमाराची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला पुन्हा उभारी देणारे आचार्य शांतिसागर (१८७२-१९५५) चिकोडी भागातल्या भोज गावच्या घराण्यातले, आचार्य विद्यासागर १९४६ साली सदलग्यात जन्मलेले, आचार्य विद्यानंद शेडबाळचे, आणि चिकोडी-अथणीकडं पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी जैन घरं आजही दाट आहेत. मद्य, मांस आणि मधु या तिन्हींचा त्याग श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ जैनाच्या, मूलगुणांतच येतो, म्हणजे मध तर या घरांतनं केव्हाच गेलेला. पण दूध गेलेलं नाही. उलट दुधाचे नियम किती बारीक आहेत बघा, काढल्यापासून ४८ मिनिटांच्या आत ते तापवलं पाहिजे, कच्च्या दुधाचं दही द्विदल धान्यात मिसळायचं नाही वगैरे. एवढे नियम ज्या वस्तूला आहेत ती वस्तू रोजच्या वापरातली असणारच. शिवाय जैन घरात कांदा-बटाटा वर्ज्य आणि व्हीगन घरात तो बिनधास्त चालतो, तेव्हा दोन्हीची यादी काही ठिकाणी जुळते म्हणून दोन्ही एकच म्हणणं जरा ताणल्यासारखं होतं.

दुसरं मत गांधींचं नाव घेतं. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीच्या बाजूला काँग्रेसचं ३९ वं अधिवेशन भरलं, गांधी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन, आणि त्याच मुक्कामात गोरक्षण परिषदेतही ते अध्यक्ष म्हणून बोलले. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर १९१२ मध्ये मित्र कालेनबाखबरोबर त्यांनी दूध सोडलं होतं हे खरं. पण १९१९ मध्ये आजारपणात डॉक्टरांचा आग्रह आणि कस्तुरबांनी काढलेली पळवाट यामुळं, व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं होतं असं धरून, ते शेळीच्या दुधावर आले आणि ही आपली हार झाली हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. बेळगावात आले तेव्हा ते शेळीचंच दूध घेत होते. म्हणजे इथं लोकांनी बघितला तो दूध सोडलेला गांधी नव्हेच.

तिसरं मत असं की हा सगळा गेल्या दहा-पंधरा वर्षांतला प्रकार, पुण्या-बेंगळुरूला नोकरीला गेलेल्या मुलामुलींनी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून घरी आणलेला. तारखा बघता हेच जास्त पटतं. मात्र जैन, लिंगायत आणि माळकरी घरांनी मांस सोडायची वाट आधीच मळलेली होती, दया हेच धर्माचं मूळ असं सांगणारं बसवण्णांचं वचन तर इथल्या कन्नड शाळेत गेलेल्या मराठी पोरांनाही पाठ असतं. त्यामुळं नवा माणूस या घरात मटणावर अडत नाही, अडतो तो दुधावर आणि पायातल्या चपलेवर.

दुधाचा पेच. दूध येतं ते गाभण राहून व्यायल्यावरच, जनावर भाकड झालं आणि वासरू नर निघालं की त्यांचं पुढं काय हा व्हीगन विचारातला मुख्य आक्षेप. म्हैस दारात बांधलेल्या घराला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही, रेडकू वर्षाच्या आत कुठं जातं ते त्यांना ठाऊक असतं, पण म्हणून कुणी दूध सोडलंय असं फारसं होत नाही. कर्नाटकाचा गोहत्याबंदीचा कायदा (२०२०) आल्यापासून गाय-बैल कोणत्याही वयात कत्तलीला देता येत नाही, फक्त १३ वर्षांवरची म्हैस-रेडा सूट मिळून. त्यानं दूध पिणाऱ्याच्या मनाला बरं वाटलं असेल, भाकड गाय पोसायचा खर्च शेतकऱ्याच्या गळ्यात राहिला.

स्वयंपाकघरात बाकी फार बदलावं लागत नाही. जोंधळ्याची भाकरी, खानापूरकडं तांदळाची, शेंगाचटणी, कारळ्याची आणि जवसाची चटणी, भरलं वांगं, पुंडीची (अंबाडीची) भाजी, कटाची आमटी हे सगळं आधीपासून बिनदुधाचंच आहे. गूळही चालतो, इथल्या गुऱ्हाळात रसाची मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चीक वापरायची पद्धत जुनी आहे. साखरेबद्दल परदेशी पुस्तकांत ती हाडाच्या कोळशानं साफ केल्याची भीती घातलेली असते, आपल्याकडचे कारखाने बहुतेक गंधकाच्या धुरावर रस साफ करतात, तेव्हा ती काळजी इथं उगीच. पंचाईत होते ती चहाला, पुरणपोळीवरच्या तुपाला आणि दह्याला. कोरा चहा पाहुण्यापुढं ठेवला तर घरात दूध आटलं का काय असा चेहरा होतो. सोयाबीन जिल्ह्यात चिक्कार पिकतं पण त्याचं दूध गरम चहात बऱ्याचदा फुटतं, काजूचं फुटत नाही, आणि खानापूर-चंदगडकडं काजू घरचा असला तर परवडतोही.

दह्यासाठी शेंगदाणे चांगले. वाटीभर दाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी सालं चोळून काढायची, तीन वाट्या पाण्यात गंधासारखं वाटून फडक्यातनं गाळायचं आणि मंद आचेवर सारखं ढवळत एक उकळी आणायची, ढवळायचं थांबलं की बुडाला लागलंच म्हणून समजा. कोमट झाल्यावर हिरव्या मिरचीचे सात-आठ देठ त्यात बुडवून झाकून उबेला ठेवलं की उन्हाळ्यात सहा-सात तासांत लागतं, थंडीत दिवस जातो. पहिलं विरजण पातळ आणि मिरचीच्या वासाचं होतं, त्यातलंच चमचाभर घेऊन दुसरं लावलं की घट्ट बसतं. कढी आणि कोशिंबिरीला हे चालतं. नुसतं भाताबरोबर खायला दिलं तर घरातल्या आत्या एक घास घेऊन ‘हे तुझ्या पोरांना घाल बाई’ म्हणणार, हे धरून चालावं. बेळगावचा कुंदा हा दूध आटवूनच होतो, त्याला पर्याय काढायच्या नादाला लागू नये. गोकाकच्या करदंटात डिंक, सुकामेवा आणि गूळ, त्यातला डिंक तुपाऐवजी तेलात तळला की काम झालं. मांडे तुपाशिवाय कुणी करत नाही. हॉटेलात मात्र डोसा सांगतानाच ‘तुप्पा ब्याड री’ (तूप नको हो) म्हणून टाकावं, नंतर उपयोग नसतो.

पॅकेटवरचा हिरवा ठिपका पुरेसा नाही, तो दुधाच्या आणि मधाच्या पदार्थावरही असतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२२ च्या नियमांनी व्हीगन पदार्थांसाठी वेगळं हिरवं चिन्ह ठरवलंय, तालुक्याच्या दुकानात ते क्वचित दिसतं.

बी-१२ जीवनसत्त्वाबद्दल मतभेदाला जागा नाही. ते जंतू तयार करतात आणि झाडपाल्यातनं भरवशानं मिळत नाही, मोठ्या माणसाला रोज साधारण दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं, गोळीतलं बी-१२ जंतूंच्या आंबवणीतनंच काढलेलं असतं त्यामुळं ती घ्यायला हरकत नसते (कॅप्सूलचं कवच तेवढं जिलेटिनचं नाही ना ते बघावं). लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई घरात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सगळं घर एकदम वळवू नये. कॅल्शियमचं एवढं अवघड नाही, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं, गाईच्या दुधात सव्वाशेच्या आत. ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून काढतात, दगडफुलापासूनचं मिळतं पण महाग.

देवकार्य. पंचामृतातल्या पाचांपैकी चार वस्तू प्राण्यापासनंच्या, उरते साखर. काही घरं नारळाचं दूध वापरतात, काही घरं देवापुरतं दूध ठेवतात आणि त्यावरनं घरात वाद घालत नाहीत. खानापूर-बेळगाव भागात काही वर्षांच्या अंतरानं भरणाऱ्या महालक्ष्मी जत्रेत मटणाचं जेवण म्हणजे सगळ्या गावाचा पाहुणचार, तिथं एकट्या घरानं वेगळी चूल मांडली की भावकी नाराज होते. देवळात पशुबळी द्यायला १९५९ च्या राज्य कायद्यानं बंदी आहे, जेवणावळीला नाही.

चामडं. अथणी आणि निपाणी ही कोल्हापुरी चपलेची केंद्रं. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून, म्हणजे सीमावाद चपलेनं तरी मिटवला. हिचं मूळ बाराव्या-तेराव्या शतकात, कलचुरी राजा बिज्जळ आणि बसवण्णांच्या काळापर्यंत नेणारा दावा आहे. त्याला जोडून बसवण्णांचा अनुयायी शरण हरळय्याची कथा सांगतात: हरळय्या आणि कल्याणम्मा या चांभार जोडप्यानं बसवण्णांसाठी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले आणि बसवण्णांनी ते पायात न घालता डोक्यावर घेतले. कथा मोठीच आहे, पण तिच्यावरनं आजच्या चपलेचा घाट तेव्हाचा ठरवता येत नाही. कापशी, पायताण अशा नावांचे प्रकार पुष्कळ नंतरचे दिसतात आणि धंद्याला बाजारपेठ मिळाली ती शाहू महाराजांच्या आश्रयानं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हे मत जास्त धरून चालण्याजोगं. कातडं गाई-म्हशीचं, कमावतात बाभळीची साल आणि हिरड्यात, शिलाईही चामड्याच्याच वादीनं, खिळा नाही. सालीत कमावलेलं म्हणून विदेशी ग्राहक कधी कधी यालाच झाडपाल्याचं चामडं समजून घेऊन जातो.

गांधींनी यात मधला मार्ग काढला होता, आपोआप मेलेल्या जनावराचंच कातडं वापरायचं. व्हीगन घरं तोही मानत नाहीत. पण रेक्झिन म्हणजे प्लास्टिकच, दोन पावसाळ्यांत उकलतं, आणि अथणीतल्या समगार कुटुंबाचं पोट या चपलेवर आहे, त्यामुळं आहे ती झिजेपर्यंत वापरून मग टायरची किंवा कापडी घ्यावी असं बरेच जण करतात, ते शहाणपणाचं वाटतं. रेशमाचं सोपं, शहापूर-वडगावच्या मागावर सुती आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या निघतात, इलकलचा पदर तेवढा रेशमी असतो का ते विचारून घ्यावं. भजनी मंडळात मात्र कोडं आहे: पखवाजाची पुडी बकऱ्याच्या कातड्याची, आणि वाजवणारा माळकरी. फायबरच्या पुडीचे पखवाज मिळतात, नाद तसा येत नाही म्हणून जुनी मंडळी हात लावत नाहीत.

शेती. ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुणवीला, म्हणजे कोल्हापूरकडचे ज्याला कर्नाटकी बेंदूर म्हणतात त्याला, बैल रंगवून मिरवतात. बैलाकडनं काम घेऊ नये असं धरलं तर ट्रॅक्टर आला, आणि शेणखत नको म्हटलं तर हिरवळीच्या खतासाठी ताग-धैंचा गाडावा लागतो. भाजीपाला स्वतः पिकवणारी थोडी व्हीगन घरं तसं करतात, ऊस आणि तंबाखूवाल्यांत हा विषय निघत नाही.