बाळाची शुगर आणि उसनी औषधं

मागच्या पावसाळ्यात आमच्या मावसबहिणीचं बाळ पुण्यात एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं, शुगर सारखी ३०-३५, ग्लुकोजचं सलाइन चालू तरी टिकेना. डॉक्टरांनी ऑक्ट्रिओटाइड सांगितलं. भावजी सदाशिव पेठेतनं बर्फात ठेवून इंजेक्शन घेऊन आले आणि आतला कागद वाचायला लागले, तर त्यात मोठ्या माणसांचे हातपाय वाढण्याचा आजार न् आतड्याच्या गाठी, बाळांचा पत्ताच नाही! मावशी म्हणाली, अहो चुकीचं औषध आणलंत का?

चुकीचं नव्हतं. बाळाला हायपरइन्सुलिनिझम होता, आणि या आजारात सगळीच औषधं उसनी आहेत, म्हणजे दुसऱ्याच कामातनं आलेली.

आजार म्हणजे स्वादुपिंड साखर उतरवणारं इन्सुलिन सोडत राहतं, थांबतच नाही. त्यात इन्सुलिन कीटोनही (चरबीपासून बनणारं इंधन) बनू देत नाही, म्हणजे मेंदूला साखर नाही आणि दुसरं इंधनही नाही, म्हणून डॉक्टर एवढी घाई करतात.

ग्लुकागॉन पहिलं. १९२३ मध्ये किंबॉल आणि मर्लिन हे संशोधक स्वादुपिंडाच्या अर्कावर काम करत होते, साखर उतरायची सोडून आधी चढायची, त्या चढवणाऱ्या भागाला त्यांनी हे नाव दिलं. लिली या औषध कंपनीच्या लोकांनी १९५३ मध्ये ते शुद्ध करून स्फटिक मिळवले. साठा संपलेला नसेल तर लिव्हरमधली साखर पटकन बाहेर काढतं, पण असर थोडाच वेळ.

मग डायझॉक्साइड, हे हॉर्मोन नाही, मूळचं बीपीचं औषध. शुगर वाढते हा त्याचा साइड इफेक्ट, तोच १९६४ मध्ये ड्रॅश आणि वुल्फ या डॉक्टरांनी मुलांसाठी वापरला. काहींना ते लागूच पडत नाही, का ते १९९५ मध्ये कळायला लागलं, कारण इन्सुलिन सोडणाऱ्या पेशीतल्या ज्या चॅनलवर (पेशीच्या दारावर) ते काम करतं त्याच्याच जीनमध्ये बिघाड सापडला.

ऑक्ट्रिओटाइडची गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. गियमाँ या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये ग्रोथ हॉर्मोन वाढवणारा पदार्थ शोधत होते आणि १९७३ मध्ये हाती लागला नेमका उलटा, रोखणारा! तो म्हणजे सोमॅटोस्टॅटिन. पुढे दिसलं की हा इन्सुलिनही रोखतो. पण रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतो, उपयोग काय. म्हणून सँडोझ कंपनीने १४ ऐवजी ८ अमिनो आम्लांचं छोटं रूप बनवलं, तेच ऑक्ट्रिओटाइड, ते दीड तासाच्या आसपास निम्मं उरतं, तरी बाळाला दिवसातनं तीन-चार वेळा टोचावं लागतं नाहीतर पंपावर ठेवतात.

आतड्याचा रक्तपुरवठाही यानं कमी होऊ शकतो, नवजात बाळात ती खरी भीती. म्हणून सिस्टर दर थोड्या वेळानं पोट फुगलंय का बघायच्या, आणि मावशी बाहेर काचेतनं सिस्टरचा चेहरा बघायची.