पन्हळी पत्र्याची कमान : पार्श्वभूमी

कोल्हापुरात गच्चीवर शेड मारायची म्हटलं की हल्ली बरीच गिऱ्हाइकं गोल छपरच मागतात. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, चौकशी केली की त्याचे दोन प्रकार समोर येतात: आडव्या खाचा पाडून वळवलेला पत्रा, आणि खाचांशिवाय रोलमधून काढलेला. दरही वेगळे. हे दोन प्रकार का झाले, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

पन्हळी पत्रा एका दिशेनं चटईसारखा गुंडाळता येतो. तेव्हा पन्हळी सरळच राहतात. खरी अडचण दुसऱ्या दिशेची, म्हणजे खुद्द पन्हळींनाच बाक देण्याची. अर्धा मिलिमीटर जाडीच्या सपाट पत्र्याला 18 मिलिमीटर खोल पन्हळी पाडल्या, की त्या दिशेचा ताठपणा जवळजवळ 2,000 पट होतो. माल तेवढाच, वजन तेवढंच. पण वाकवताना बाहेरच्या अंगाचे उंचवटे ताणले जातात आणि आतल्या अंगाच्या पन्हळी दबतात. पातळ पत्रा ताण सोसतो; दाब आला की चिमटतो. हातानं जोर लावणाऱ्याचा पत्रा गोल न होता मध्येच मोडतो, तो यामुळंच.

गंमत म्हणजे हा पत्रा जन्मला तोच कमानीसाठी म्हणावा असा. लंडन डॉक्सचे इंजिनिअर हेन्री रॉबिन्सन पामर यांनी 1829 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गोदीतल्या शेडवर त्यांनी पन्हळींना बाक दिलेला पत्रा वापरला. खाली कैच्या नाहीत, वासे नाहीत. पत्रा हेच छप्पर आणि पत्रा हाच आधार. तेव्हाचं घडीव लोखंड मऊ असल्यानं ते वळवून घ्यायचं. गंज मात्र लवकर धरायचं. त्यावरचा जस्ताचा मुलामा फ्रान्समध्ये 1837 मध्ये स्तानिस्लास सोरेल यांच्या पेटंटनं आला आणि पत्रा जगभर पसरला.

कोल्हापूरला मिरजेहून रेल्वे आली 1891 मध्ये, आणि गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसली 1895 मध्ये. जड माल आणणं सोपं झालं. इकडं गुऱ्हाळघरांवर, गोदामांवर पत्रा चढला तो मात्र सरळ, दुपाखी. त्यात नवल नाही. सरळ पत्रा सुताराला बसवता येतो; गोल पत्र्याला आधी यंत्र लागतं.

गोल पत्र्याला मोठी मागणी आणली युद्धानं. पीटर नॉर्मन निसेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं 1916 मध्ये अर्धगोल झोपडीचा आराखडा केला. कारखान्यातच वळवलेले पत्रे एकात एक बसवून गाडीत भरायचे आणि जागेवर सहा माणसांनी चार तासांत झोपडी उभी करायची, असा हिशेब. पहिल्या महायुद्धात अशा एक लाखाच्या आसपास झोपड्या झाल्या. पत्रा वळवायची रीत मात्र साधी: पन्हळीच्याच आकाराच्या खोबण्या असलेल्या तीन रोलांमधून तो पुन्हा पुन्हा काढायचा आणि दर खेपेला रोल जरा आवळायचा.

पुढं प्रोफाइल पत्रा आला, म्हणजे गोल पन्हळींऐवजी सपाट पट्ट्यांचा, आणि घोळ झाला. गोल पन्हळ दाब वाटून घेते, सपाट पट्टी घेत नाही. ती लगेच फुगते. म्हणून आतल्या अंगाला ठरावीक अंतरावर आडव्या खाचा पाडायची युक्ती निघाली. पत्र्याची लांबी कुठंतरी कमी व्हायलाच हवी, ती या खाचांत होते. त्यामुळं तयार पत्रा आखूड भरतो आणि कापतानाच माप वाढवून धरावं लागतं. खाच जवळून पाहावी: तिच्या धारेवर रंगाला केसाएवढी चीर दिसू शकते. आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होण्याची भीती. मला विचाराल तर गच्चीसाठी खाचांशिवायचा पत्रा बरा, दोन पैसे जास्त गेले तरी.

पण रोल करायलाही प्रत्येक पत्रा चालत नाही. छपराचा बराचसा माल आता 550 मेगापास्कल ताकदीच्या कडक पोलादाचा असतो. पातळ असूनही तो मजबूत, म्हणून परवडतो. लहान त्रिज्येत रोल करायला गेलं तर तोच तडकतो. त्यासाठी 300 च्या आसपासचा मऊ माल मागवावा लागतो. बाक अगदीच हलका हवा असेल, त्रिज्या दहा-बारा मीटर किंवा जास्त, तर साधा पन्हळी पत्राही चालतो. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, कमानीत बसवायच्या, पत्रा त्यांच्यावर ओढून स्क्रू मारायचे, रोलकडं पाठवायची गरजच पडत नाही.