ॲडमिशन, एनरोलमेंट, एटीकेटी : फॉर्मवरचे शब्द आले कुठून?

जूनमध्ये आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही भागात धानाचे पऱ्हे (लावणीसाठीची रोपं) टाकायची घाई असते आणि नेमक्या त्याच दिवसांत सेतू केंद्रावर कॉलेजच्या फॉर्मसाठी रांग लागते. मागच्या वर्षी बीएच्या दुसऱ्या वर्षाला जाणारी एक मुलगी हातात तीन कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. एकावर रोल नंबर, दुसऱ्यावर सीट नंबर, तिसऱ्यावर एनरोलमेंट नंबर. "सर, यातला खरा नंबर कोनता?"

खरे तिन्ही. रोल नंबर कॉलेजच्या हजेरीपटाचा, वर्ष बदललं की तो बदलतो. सीट नंबर त्या-त्या परीक्षेपुरता. एनरोलमेंट नंबर मात्र विद्यापीठाचा. काही विद्यापीठांत त्यालाच पीआरएन (परमनंट रजिस्ट्रेशन नंबर) म्हणतात, आणि तो पदवी हातात पडेपर्यंत सोबत राहतो. फॉर्मवर तोच मागितला होता.

एकाच मुलीच्या नावावर तीन नंबर कशाला, याचं उत्तर 1857 सालात आहे. त्या वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्या विद्यापीठांत वर्ग भरत नसत. शिकवायचं कॉलेजने, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. आपल्या कॉलेजच्या पाटीवर 'संलग्न' असा जो शब्द असतो, तो या व्यवस्थेचा. म्हणून प्रवेशाचीही दोन दारं झाली. ॲडमिशन कॉलेज देतं, एनरोलमेंट विद्यापीठ करतं. कॉलेजात फी भरली, पावती मिळाली, पण कागदपत्रांअभावी विद्यापीठाकडे नोंद गेली नाही, तर परीक्षेच्या तोंडावर अडचण उभी राहते. असं अडकलेलं पोर मी पाहिलं आहे, आणि चूक त्याची नव्हती. ॲडमिशन झाली म्हणजे सगळं झालं, असंच त्याला वाटत होतं.

गंमत 'मॅट्रिक' या शब्दाची आहे. आमच्या गावातले म्हातारे अजून "तो मॅट्रिक झाला" असं अभिमानाने सांगतात. हा शब्द लॅटिनमधल्या नोंदवहीच्या नावावरून आला. मॅट्रिक होणं म्हणजे विद्यापीठाच्या वहीत नाव चढण्याची लायकी मिळवणं, कारण सुरुवातीला ती परीक्षा विद्यापीठच घेत असे. पुढे ती शालेय मंडळांकडे गेली आणि शब्द शाळेला चिकटून राहिला. वहीत नाव चढवण्याचं काम आज एनरोलमेंट करतं. आजोबांचा मॅट्रिक आणि नातीचा एनरोलमेंट नंबर तसे एकाच घराण्यातले.

विदर्भात हे सगळं फिरून फिरून आलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज 1883 चं, मॉरिस कॉलेज 1885 चं. पण त्यांची विद्यापीठं परगावी होती, आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद. नागपूर विद्यापीठ झालं 4 ऑगस्ट 1923 ला. बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू. 1983 मध्ये अमरावती वेगळं झालं. 2005 मध्ये नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. 2011 मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ सुरू झालं. आमच्याकडे त्यामुळे एकाच घरात तीन नावांच्या पदव्या सापडतात : वडिलांची नागपूर विद्यापीठाची, काकूची तुकडोजी महाराज विद्यापीठाची, मुलीची गोंडवानाची. कॉलेज मात्र तेच, इमारतही तीच.

एटीकेटीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण या शब्दाने घरात रडारड होते. "पोरीला एटीकेटी लागली" असं म्हणतात, जणू काही रोग लागला. मूळ शब्द 'अलाउड टू कीप टर्म्स'. टर्म राखणं ही ऑक्सफर्ड-केंब्रिजकडची पद्धत : ठरलेल्या सत्रांत कॉलेजात राहिल्याशिवाय पदवी नाही. आपल्याकडे त्याचं हजेरी झालं. "टर्म भरली" हे त्यातूनच. म्हणजे एटीकेटीचा अर्थ, काही विषय राहिले तरी पुढची टर्म भरायची परवानगी आहे. किती विषय राहिले तर ती मिळते, हे विद्यापीठ ठरवतं. ती परवानगी आहे, नापासाचा शिक्का नव्हे. घरच्यांनी हे समजून घेतलं असतं तर एका एटीकेटीवर थांबलेल्या कितीतरी मुलींचं शिक्षण पुढे गेलं असतं.

अकरावी-बारावीचा घोळ त्यामानाने साधा. कोठारी आयोगाने (1964-66) सुचवलेला 10+2+3 आराखडा महाराष्ट्राने 1970 च्या दशकात घेतला आणि 'कनिष्ठ महाविद्यालय' आलं. नावात महाविद्यालय असलं तरी ते मंडळाच्या हाताखाली. विद्यापीठाचा संबंध बारावीनंतरच.

सीमेवरच्या मुलांना शब्दांचा आणखी एक फटका बसतो. गोंदिया-भंडाऱ्याकडची मुलं हिंदी पानं वाचतात. तिथे 'कुलपति' म्हणजे आपला कुलगुरू (मध्य प्रदेशात 2024 पर्यंत). आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल. तिथला 'स्नातक' म्हणजे आपला पदवीधर. स्नातक तसा जुना शब्द, शिक्षण संपल्यावर विधीपूर्वक स्नान केलेला. मराठीने पदवी धरली, हिंदीने स्नान.

आता नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत ते 2024-25 पासून लागू झालं आणि मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), क्रेडिट हे शब्द गावात पोचले. वर्गातल्या शिकवणीचे 15 तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला 30 तास लागतात. वर्षाला साधारण 40 ते 44 क्रेडिट. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. क्रेडिट जमा राहतात ते ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, जिची नियमावली युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2021 मध्ये काढली.

इथे मला काळजी वाटते. "एका वर्षात सर्टिफिकेट मिळते न, मग बस झालं" हे वाक्य मी बापांच्या तोंडून ऐकू लागलो आहे. ते प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही, त्यासाठी कौशल्याचे वेगळे क्रेडिट करावे लागतात. आणि ते घेतलं तरी मुलगी पदवीधर होत नाही. राज्यसेवेच्या जाहिरातीत 'पदवी' लिहिलेलं असतं, पदवीधर मतदारसंघाच्या यादीत नाव घालायलाही पदवीच लागते. मधूनच सोडायची सोय ही परत येण्यासाठी आहे, आणि साठवलेले क्रेडिट त्यासाठीच.

त्या मुलीने तिन्ही नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले, प्रत्येकापुढे कोणाचा तेही लिहिलं. मग वडिलांना म्हणाली, "बाबा, एमएला नागपूरला गेली तर मायग्रेशन लागन." विद्यापीठ बदललं की हे प्रमाणपत्र आधीच्या विद्यापीठाकडून काढावं लागतं, हे तिला मी सांगितलं नव्हतं.