गावे हद्दीत घेण्याआधी उतार मोजा

नाशिक महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची वीसहून अधिक गावे तेव्हा एका हद्दीत आली. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, नांदूर, मानूर, दसक, पंचक, चेहेडी, पाथर्डी ही त्यांतलीच. क्षेत्र सुमारे २५९ चौरस किलोमीटर. हद्द आजही जवळपास तेवढीच आहे. वस्ती मात्र विल्होळी, शिंदे-पळसे, एकलहरे, माडसांगवी, गोवर्धन अशी चहूबाजूंनी बाहेर सरकली आहे. त्यामुळे हद्दवाढीचा विषय दर काही वर्षांनी निघतो आणि चर्चा घरपट्टी किती वाढेल, सरपंचपद जाईल का, यावर अडते. हे प्रश्न खरेच आहेत. पण एखादे गाव शहरात नीट सामावेल की नाही, हे त्याआधी पाण्याची जलवाहिनी आणि भुयारी गटाराचा उतार ठरवतात, आणि या दोन्ही गोष्टी आधीच मोजता येतात.

सुरुवात लोकसंख्येपासून करू. नाशिक शहराची लोकसंख्या २००१ मध्ये १०.७७ लाख आणि २०११ मध्ये १४.८६ लाख होती. दर दशकाला ४.०९ लाखांची भर, असे सरळ धरले तर २०३१ मध्ये ती २३ लाखांच्या आसपास येते. दर दशकाला ३८ टक्के वाढ धरली तर २८ लाखांवर जाते. दोन्ही पद्धती नियोजनात वापरल्या जातात आणि दोन्हींतला फरक सव्वापाच लाखांचा आहे. माणशी रोज १३५ लिटर या शहरी निकषाने तो फरक रोजच्या सात कोटी लिटर पाण्याचा होतो. म्हणून कोणताही आराखडा वाचताना लोकसंख्येचा अंदाज कोणत्या पद्धतीने काढला, हे पान सर्वांत आधी उघडावे.

आता एक गाव घेऊ, लोकसंख्या दहा हजार. ग्रामीण नळयोजना जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी ५५ लिटरवर बेतलेली असते. गाव महापालिकेत आले की अपेक्षा १३५ लिटरची, म्हणजे जवळजवळ अडीचपट. अनेकांना वाटते, टाकी मोठी बांधली की झाले. अडचण जलवाहिनीत आहे. त्याच वाहिनीतून २.४५ पट पाणी ढकलले तर घर्षणाने होणारी दाबाची घट पाचपटीहून जास्त वाढते. मग टाकीजवळच्या गल्लीत पाणी धो-धो येते आणि शेवटच्या वस्तीत नळाला नुसती हवा. तेवढाच दाब टिकवायचा तर १०० मिलिमीटरच्या जागी १४० मिलिमीटर व्यासाची वाहिनी लागते. म्हणजे गावात दोन-तीन वर्षांपूर्वी टाकलेले जाळे बहुतेक ठिकाणी बदलावेच लागेल. हा खर्च हद्दवाढीच्या प्रस्तावात क्वचितच दिसतो.

शिवाय पाणी आणायचे कुठून? नाशिकला पाणी येते ते गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांतून, जलसंपदा विभागाने ठरवून दिलेल्या आरक्षणाप्रमाणे. आरक्षण वाढले की तेवढे पाणी शेतीच्या वाट्यातून कमी होते आणि सिंचन पुनर्स्थापनेचा खर्च महापालिकेकडे मागितला जातो. खाली जायकवाडीही आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार जायकवाडीत १५ ऑक्टोबरला पुरेसा साठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. तेव्हा नकाशावर नवे गाव रंगवण्याआधी त्याच्या वाट्याचे पाणी कागदावर आलेले असायला हवे.

पाणी पंपाने चढवता तरी येते. सांडपाण्याचे गणित जास्त कडक आहे आणि तिथेच बहुतेक चुका होतात. दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के गटारात येते, म्हणजे आपल्या गावातून रोज १०.८ लाख लिटर. ते वाहते ठेवायला वाहिनीत सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग लागतो, नाहीतर गाळ बसतो. गल्लीच्या सुरुवातीला, जिथे पाचशेच्या आसपास माणसांचे सांडपाणी येते, तिथे १५० मिलिमीटरच्या वाहिनीला हजार मीटरला ६ मीटर उतार द्यावा लागतो. पुढे प्रवाह वाढला की कमी उतार चालतो. पण जमीन सपाट असेल तर १ मीटर खोलीवर सुरू केलेली वाहिनी किलोमीटरभर पुढे जाता जाता पाच-सात मीटर खोल जाते. नाशिकखाली बेसॉल्ट आहे. मुरूम संपून कातळ लागला की ब्रेकर लावावा लागतो, खोदाईचा दर कितीतरी पटींनी वाढतो आणि ठेकेदार खोली वाचवायला उतारच कमी करतो. पुढची वीस वर्षे तेच चेंबर दर पावसाळ्यात तुंबते.

उलट चूकही होते. भविष्यातल्या वस्तीसाठी मोठी वाहिनी टाकतात आणि घरे विरळ असतात. सांडपाणी तळाशी रेंगाळते, कुजते, हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. वाहिनीच्या वरच्या भागात जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात आणि काँक्रीटची नळी आतून वरच्या बाजूला झिजत जाते. रस्ता खचतो तेव्हा कळते.

नाशिकच्या कडेची गावे आता या उताराच्या नजरेने पाहा. गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते. मलनिस्सारण केंद्रे तपोवन, आगरटाकळी, पंचक, चेहेडी, गंगापूर इथे आहेत. ओढा, माडसांगवी, एकलहरे ही पूर्वेकडची गावे केंद्रांच्याही खालच्या अंगाला आहेत, म्हणून त्यांचे सांडपाणी आपल्या वजनाने शहराच्या केंद्राकडे येणार नाही. उलटे उचलून आणायचे, नाहीतर तिथेच नवे केंद्र बांधायचे. उचलण्याचे विजेचे बिल तसे भीतिदायक नाही. आपल्या गावाचे रोजचे सांडपाणी २० मीटर चढवायला साधारण १०० युनिट लागतात. खरा धोका वीज जाण्याचा आहे. जनरेटर नसेल किंवा त्यात डिझेल नसेल, तर पंपाखालची सांडपाणी साठवणारी विहीर तासा-दोन तासांत भरते आणि ओसंडून नाल्यात जाते. म्हणून पूर्वेला नवे केंद्र जास्त शहाणपणाचे, मग हद्द वाढो वा न वाढो.

पश्चिमेचे उलट आहे. गोवर्धन, जलालपूर इथून नदीत गेलेले सांडपाणी सोमेश्वरवरून रामकुंडाकडेच येते. त्यांना शहराच्या गटारजाळ्यात घेणे हे शहराच्याच हिताचे आहे, आणि सिंहस्थ तोंडावर असताना तर फार निकडीचे. त्याहून वर, गंगापूर धरणाच्या फुगवट्याला लागून गंगावऱ्हे, सावरगाव आहेत. तिथे गटार नेणे म्हणजे प्लॉटिंगला आमंत्रण आणि पिण्याच्या साठ्याला धोका. तो पट्टा हद्दीबाहेर शेती म्हणूनच राहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दक्षिणेला वालदेवी. ती चेहेडीजवळ दारणेला मिळते आणि नाशिकरोडसाठी पाणी उचलण्याची जागाही तिथलीच. वालदेवीच्या काठी महापालिकेची वस्ती आहे, देवळाली छावणीची आहे, ग्रामपंचायतींचीही आहे. प्रत्येकाचा कायदा वेगळा, नाला एकच. इथे हद्दीची रेघ कुठेही ओढली तरी वालदेवीच्या दोन्ही काठांनी एकच मुख्य मलवाहिका लागणार.

कडेच्या गावांत आणखी एक अडथळा तयार होतो आहे, तो गुंठेवारीचा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतात असे तुकडे पाडताना मधला रस्ता पंधरा फुटांचा, म्हणजे साडेचार मीटरचा ठेवतात. जलवाहिनी आणि मलवाहिका यांच्यात आडवे ३ मीटर अंतर हवे. ते शक्यच नसेल तर जलवाहिनी मलवाहिकेपेक्षा किमान अर्धा मीटर वर हवी. त्या गल्लीत पावसाळी गटार, विजेचा खांब आणि चेंबर धरले तर हे बसत नाही. मग दोन्ही नळ्या शेजारी पडतात, पाण्याचा दाब बंद असताना नळीच्या फटीतून सांडपाणी आत ओढले जाते आणि पावसाळ्यात त्या गल्लीत कावीळ येते. अशा गल्ल्या वाढायच्या आधी रस्ते आखणे हा एकच उपाय आहे. नगररचना योजनेत शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते आणि सुविधांची जागा वजा करून, उरलेले चौकोनी विकसित भूखंड त्यांनाच परत देतात. मखमलाबाद-हनुमानवाडीत असा प्रयत्न झाला तेव्हा शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. किती जमीन परत मिळणार आणि कधी, याची हमी त्यांना हवी होती. ती मागणी रास्त आहे.

कायद्याचा रस्ता सांगायला सोपा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ खाली राज्य सरकार महापालिकेशी विचारविनिमय करून प्रारूप अधिसूचना काढते, हरकती मागवते, मग अंतिम अधिसूचना निघते. ग्रामपंचायत विसर्जित होते, तिची मालमत्ता, देणी आणि कर्मचारी महापालिकेकडे येतात. नव्या भागाची विकास योजना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३४ नुसार वेगळी करता येते: इरादा जाहीर करणे, विद्यमान जमीनवापराचा नकाशा, प्रारूप योजना, हरकती, मंजुरी. यात वर्षे जातात. नाशिकची पहिली विकास योजना १९९३ ची आणि दुसरी मंजूर झाली २०१७ मध्ये. अधिसूचना आणि विकास योजना यांच्यामधल्या याच पोकळीत जुन्या तारखांचे दाखले निघतात, बांधकामे उभी राहतात आणि पुढे रस्ते आणि सार्वजनिक सुविधांच्या आरक्षणाला जागा उरत नाही.

पुण्याचे उदाहरण जवळचे आहे. तिथे २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे घेतली. कर वाढला, पाणी टँकरनेच येत राहिले, आणि शेवटी फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे महापालिकेतून वगळून त्यांची वेगळी नगर परिषद करावी लागली.

सगळ्याच सेवांना हद्द लागते असेही नाही. सिटीलिंकच्या बस त्र्यंबक, सिन्नर, ओझरपर्यंत आजही जातात. महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हद्दीबाहेरच्या बांधकामांना परवानगी देते. ठोक पाणी आणि सामाईक मलनिस्सारण केंद्र करारानेही देता येते. अग्निशमन मात्र करारावर भागत नाही. ताशी सरासरी ३० किलोमीटर वेगाने बंब पाच मिनिटांत अडीच किलोमीटरच जातो, म्हणून जागा गावातच राखून ठेवावी लागते. दवाखान्याचे मापही बदलते. मैदानी ग्रामीण भागात तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र असते, शहरात पन्नास हजारांमागे एक. म्हणजे हद्दीत येताना आरोग्यसेवा कागदावर विरळ होऊ शकते.

२०२७ च्या जनगणनेसाठी १ जानेवारी २०२६ ते ३१ मार्च २०२७ या काळात प्रशासकीय सीमा गोठवलेल्या असतात. हा काळ गावांचे उतार मोजायला उत्तम. गावनिहाय एक मीटर अंतराच्या समोच्च (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) रेषांचा नकाशा, कातळाची खोली पाहायला चाचणी खड्डे, विहिरींच्या पाण्याची नायट्रेट आणि जिवाणूंसाठी तपासणी, दिलेल्या बांधकाम परवानग्यांची यादी आणि ती त्याच तारखेला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, एवढे काम आधी झाले तर पोकळीतली बरीच लबाडी जागीच थांबते.

प्रारूप अधिसूचना आलीच, तर हरकत लिहिताना ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर थांबू नये. गट नंबर लिहा, आपल्या वस्तीचे पाणी कोणत्या नाल्याला मिळते ते लिहा, आणि विचारा: या नाल्यावरचे सांडपाणी कोणत्या केंद्रात जाणार, त्याची क्षमता किती शिल्लक आहे, पाण्याचे आरक्षण कोणत्या धरणातून मंजूर आहे, घरपट्टी टप्प्याटप्प्याने वाढेल तर वाहिन्या कोणत्या वर्षी येतील. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या आणि सुनावणीत जे तोंडी बोलाल तेच लेखी देऊन त्याचीही पोच घ्या.